अति, अत्यंत आणि तारतम्य : जोर दाखवणाऱ्या शब्दांचा दर्याकाठचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता शाळेतल्या व्याकरणाच्या तासाचा वाटेल. इंग्रजीत जोर आणि तीव्रता दाखवणारी जी क्रियाविशेषणं आहेत, म्हणजे व्हेरी, हेविली, एक्स्ट्रीमली यांसारखी, त्यांचा इतिहास आपण पाहणार आहोत. पण त्यासाठी आपण लंडनलाच थांबणार नाही. हे शब्द मराठीत उतरून जिथे माणसाच्या जिवाशी येऊन भिडतात, तिथपर्यंत आपल्याला जायचं आहे.

ते ठिकाण म्हणजे नवापूर. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर नव्हे, तर पालघर जिल्ह्यातलं, बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी असलेलं. उत्तरेला तारापूर, दक्षिणेला मुरबे आणि सातपाटी. बाहेरच्या लोकांना हा पट्टा अणुवीज केंद्रामुळे आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे माहीत असतो. पण इथली जुनी वस्ती मच्छीमारांची आणि बागायतदारांची आहे. या किनाऱ्यावर आज हवामानाचा इशारा मोबाइलवर येतो. त्यात लिहिलेलं असतं : ‘मुसळधार’, ‘अति मुसळधार’, ‘अत्यंत मुसळधार’. ‘समुद्र खवळलेला’, ‘अति खवळलेला’. ‘तीव्र चक्रीवादळ’, ‘अति तीव्र’, ‘अत्यंत तीव्र’.

आता आपण एक साधा प्रश्न विचारू. ‘अति’ मोठं की ‘अत्यंत’ मोठं? होडी काढायची की नाही हे ज्याला ठरवायचं आहे, त्याला हा प्रश्न पडला तर उत्तर कुठे मिळेल? शब्दकोशात मिळत नाही. शाळेच्या व्याकरणातही मिळत नाही. उत्तर आहे ते हवामान खात्याच्या इंग्रजी तक्त्यात. ते तिथे कसं गेलं आणि मराठीत येताना वाटेत काय सांडलं, हीच आजची गोष्ट.

जोराचे शब्द झिजतात

सुरुवात इंग्रजीपासून करू. ‘व्हेरी’ हा शब्द आज इंग्रजीतला सगळ्यात साधा तीव्रतादर्शक शब्द. पण तो मुळात इंग्रजी नाही. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंचमधून तो इंग्लंडात आला, आणि त्याचा अर्थ होता ‘खरा’. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘सत्य’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे ‘व्हेरी गुड’ याचा जुना अर्थ ‘खरोखर चांगला’. बोलता बोलता ‘खरोखर’ची ग्वाही विसरली गेली आणि मागे नुसता ‘फार’ उरला.

त्याआधी जुनी इंग्रजी काय वापरत होती? ‘स्विथ’सारखा एक शब्द होता आणि त्याचा मूळ अर्थ होता ‘बळाने’. जोर दाखवणारा शब्द आधी, आणि त्यातूनच ‘फार’ असा तीव्रतेचा अर्थ नंतर. हा शब्द पुढे भाषेतून पूर्ण नाहीसा झाला. त्याची जागा इतरांनी घेतली आणि शेवटी व्हेरीने बाजी मारली.

‘हार्डली’ची गंमत तर आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत भोगलेली आहे. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्टाने काम करतो, आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेम काम करतो. मास्तर सांगायचे, पाठ करा. पण का, ते कोणी सांगितलं नाही. एकेकाळी ‘हार्डली’ म्हणजे ‘जोर लावून’ असाच अर्थ होता. जोर लावून केलेलं काम म्हणजे कष्टाने जमलेलं काम, कष्टाने जमलेलं म्हणजे जेमतेम जमलेलं, आणि जेमतेम म्हणजे जवळपास नाहीच. पायरी पायरीने उतरत शब्द उलट टोकाला गेला.

‘टेरिबली’, ‘ऑफुली’ हे तर भीतीचे शब्द. आज इंग्रज माणूस चहाला बोलावल्याबद्दल ‘टेरिबली काइंड’ म्हणतो. त्यात कुणाला धडकी भरत नाही.

हसायला नको, कारण आपलंही तेच आहे. ‘भयंकर छान’ आपण म्हणतोच. ‘तुफान विनोदी नाटक’ म्हणतो. तुफान म्हणजे खरं तर वादळ. अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेला हा शब्द आणि इंग्रजीतला ‘टायफून’ एकाच कुळातले मानले जातात. ज्या शब्दाने दर्यावर्दी माणूस दचकायचा, तो आता गर्दीला, सेलला आणि नाटकाच्या जाहिरातीला लागतो. जोर दाखवणारा शब्द रोज वापरला की नाण्यासारखा झिजतो. मग नवा शब्द आणावा लागतो. तोही झिजतो. हे जगातल्या बहुतेक भाषांत चालतं. एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण इशाऱ्याच्या भाषेत बिघडतं, हे पुढे लक्षात येईल.

मराठी जोर कुठे ठेवते?

आता मराठीकडे येऊ. आपण शाळेत शब्दांच्या आठ जाती शिकलो : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. ही मांडणी संस्कृत परंपरेतली नाही. यास्काचार्यांच्या परंपरेत चार प्रकार आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठांची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकात आली, आणि ती रुजवण्यात सगळ्यात मोठा वाटा दादोबा पांडुरंग तर्खडकरांचा. त्यांचं मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. दादोबा मुंबईत वाढले, पण घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खड गावचं. तर्खड आज पालघर जिल्ह्यातच येतं. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ‘अति’ की ‘अत्यंत’ हा प्रश्न आज उभा आहे, त्याच जिल्ह्यातल्या गावाचं नाव मराठी व्याकरणाच्या पायाशी आहे.

या परंपरेत पुढे क्रियाविशेषणांचे जे पोटभेद शिकवले गेले, त्यातले दोन आपल्या कामाचे आहेत : रीतिवाचक आणि परिमाणवाचक. ‘तो जोरात बोलला’ यात ‘जोरात’ ही रीत. ‘तो फार बोलला’ यात ‘फार’ हे परिमाण. जोर आणि तीव्रता यांची ही दोन खाती. आता ‘जोरात पाऊस पडला’ हे वाक्य घ्या. इथे ‘जोरात’ म्हणजे थेंब जोराने आपटत होते, की पाऊस पुष्कळ झाला? रीत की परिमाण? बोलताना आपण दोन्ही एकदम सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही दोन्ही एकदम कळतं. पर्जन्यमापकाला मात्र त्यातलं एकच कळतं.

मराठीने जोराचे शब्द ठिकठिकाणाहून गोळा केले आहेत. अति, अत्यंत, अतिशय हे संस्कृतातून. जोर, सक्त, जबरदस्त, बेसुमार हे फारसीच्या वाटेने. ‘जबर’ म्हणजे वर आणि ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त. आपल्या ‘वरचढ’ शब्दातही तीच कल्पना आहे. ‘बळजबरी’त तर संस्कृत बळ आणि अरबी-फारसीकडून आलेली जबरी यांची जोडी लागली आहे. आणि हे शब्द नुसते कोशात बसले नाहीत. ‘सक्त ताकीद’, ‘सक्तमजुरी’, ‘जबर दुखापत’, अशी सरकारी आणि न्यायालयीन मराठी त्यांच्यावरच उभी राहिली. राज्य करणाऱ्याची भाषा जोराचे शब्द मागे ठेवून जाते, असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही.

पण मराठीची स्वतःची रीत वेगळीच आहे. इंग्रजीत ‘व्हेरी’ कुठल्याही गुणाला लागतो : व्हेरी रेड, व्हेरी ब्लॅक, व्हेरी वेट, व्हेरी सोअर. मराठी माणूस काय म्हणतो? लालभडक. काळाकुट्ट. ओलाचिंब. आंबटढाण. हिरवागार, पिवळाधमक, थंडगार, कोरडाठाक, नवाकोरा, गोडमिट्ट. प्रत्येक गुणाचा जोडीदार ठरलेला. काळ्याला भडक लागत नाही आणि लालाला कुट्ट लागत नाही. क्रियांचंही तसंच. पाऊस धो धो पडतो, वारा सुसाट सुटतो, माणूस ढसाढसा रडतो, दार धाडकन आपटतं, विरोध कडाडून होतो. इथे तीव्रता म्हणजे मोजपट्टीवरची खूण नाही. ती त्या वस्तूला चिकटलेली आहे. तिचा आवाज, तिचा रंग, तिचा धक्का त्या शब्दात आहे.

पावसाचंच बघा. भुरभुर, रिमझिम, पिरपिर, संततधार, मुसळधार. ‘मुसळधार’ म्हणजे मुसळासारख्या जाड धारा. हा शब्द किती मिलिमीटर ते सांगत नाही. पण डोळ्यांपुढे धार उभी करतो. आता या शब्दामागे ‘अति’ लावायचा म्हणजे काय करायचं? मुसळापेक्षा जाड काय? लालभडकच्या आधी ‘अति’ लावून पाहा, ‘अति लालभडक’. कानाला खटकतं ना? कारण भडक लागल्यावर लाल तिथे संपलेला असतो. पुढे पायरीच नसते. मुसळधारचंही तेच.

मुद्दा एवढाच की इंग्रजीतले हे शब्द एकावर एक रचता येतात. मराठीतले जोराचे शब्द रचायचे नाहीत, ते चिकटवायचे आहेत. शिडी बांधायला निघालो की त्यामुळे अडचण येते.

शब्दांना आकडे कधी लागले?

इंग्रजीतही ही शिडी आपोआप तयार झाली नाही. ‘लाइट’, ‘फ्रेश’, ‘स्ट्राँग’ हे तिथेही मोघमच शब्द होते. एका खलाशाचा सोसाटा दुसऱ्याला झुळूक वाटायचा. ही अडचण आरमाराला सोडवायची होती, कारण दोन जहाजांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहायच्या तर शब्दांचा अर्थ एकच हवा.

फ्रान्सिस बोफर्ट हे ब्रिटिश आरमारातले अधिकारी. लहान वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर त्यांनी समुद्राची वाट धरली होती. १३ जानेवारी १८०६ रोजी त्यांनी आपल्या खासगी नोंदवहीत वाऱ्याची श्रेणी लिहून काढली. असे प्रयत्न त्यांच्याआधीही झाले होते. पण टिकली ती बोफर्ट यांची श्रेणी. डार्विन ज्या बीगल जहाजावर होता, त्या सफरीतल्या नोंदी याच पद्धतीने झाल्या, आणि १८३८ पासून ब्रिटिश आरमारात ही श्रेणी सक्तीची झाली.

या श्रेणीत एक गोष्ट फार शहाणपणाची होती. बोफर्ट यांनी ‘स्ट्राँग म्हणजे किती स्ट्राँग’ यावर वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, या वाऱ्यात जहाजाची शिडं किती उघडी ठेवता येतील? अमुक वाऱ्यात सगळी शिडं, तमुक वाऱ्यात इतकीच, आणि बाराव्या पायरीवर असा वारा की कुठलंच शीड टिकणार नाही. वाऱ्याचा जोर शब्दाने नाही, तर वारा काय करतो त्यावरून मोजायचा. ताशी वेगाचे आकडे या पायऱ्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोडले गेले. म्हणजे क्रम असा होता : आधी क्रमांक आणि परिणाम, वेग नंतर. शब्द फक्त लेबलासारखे सोबत राहिले.

याच काळात कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करून ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. ग्रीक भाषेतल्या वर्तुळाच्या, वेटोळ्याच्या शब्दावरून. आपलं ‘चक्रीवादळ’ तीच कल्पना पकडतं, आणि चांगली पकडतं. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर भीषण वादळ आलं. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. १८८० मध्ये मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ल्यासह पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांना इशारे मिळू लागले.

हे इशारे शब्दांत नव्हते, हे लक्षात ठेवा. दिवसा उंच खांबावर टांगलेल्या आकृत्या आणि रात्री दिवे. त्यातूनच आपल्या किनाऱ्याच्या बोलण्यात ‘बावटा’ आला. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असं आपण आजही म्हणतो. एक नंबर म्हणजे धोका लांब समुद्रात आहे, सावध असा. तीन नंबर म्हणजे बंदरातच वादळी वाऱ्याचा संभव आहे. आठ, नऊ, दहा म्हणजे महासंकट. आणि अकरा नंबर म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. यात ‘अति’ नाही, ‘अत्यंत’ नाही. तीन हे एकापेक्षा मोठं, हे सांगायला व्याकरण लागत नाही.

शिडी मराठीत उतरली, पायऱ्या सुटल्या

विसाव्या शतकात मोजमापं सुधारली आणि इंग्रजी शब्दांना पक्के आकडे मिळाले. पावसाचा तक्ता असा आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो ‘हेवी’. ११५.६ ते २०४.४ असेल तर ‘व्हेरी हेवी’. त्याच्या वर गेला की ‘एक्स्ट्रीमली हेवी’. चक्रीवादळांचं असंच. केंद्राजवळचा वारा ताशी ६२ किलोमीटरपासून वर गेला की चक्रीवादळ, ८९ पासून ‘सिव्हिअर’, ११८ पासून ‘व्हेरी सिव्हिअर’, सुमारे १६७ पासून ‘एक्स्ट्रीमली सिव्हिअर’ आणि सुमारे २२२ पासून ‘सुपर’. या सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून नव्हत्या. ‘एक्स्ट्रीमली’ची पायरी तर २०१५ मध्ये वाढवली. वादळांमध्ये जास्त बारीक फरक करायचा होता, म्हणून शिडी लांब झाली.

इंग्रजी जाणणाऱ्याला हा तक्ता माहीत नसला तरी व्हेरीपेक्षा एक्स्ट्रीमली मोठा, एवढं कळतं. शब्दांचा क्रम कानात बसलेला आहे. आता मराठी घ्या. व्हेरीला ‘अति’ आणि एक्स्ट्रीमलीला ‘अत्यंत’. व्युत्पत्ती पाहिली तर भाषांतर बिनचूक आहे. एक्स्ट्रीमचं लॅटिन मूळ म्हणजे सगळ्यात बाहेरचं टोक. अत्यंत म्हणजे अति अधिक अंत, शेवटाच्याही पलीकडे. पंडिताला विचाराल तर तो पैकीच्या पैकी गुण देईल.

पण बोलणाऱ्याच्या कानाला विचारा. ‘अत्यंत’ आपण कुठे ऐकतो? ‘आम्ही आपले अत्यंत आभारी आहोत.’ ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो.’ हा निमंत्रणपत्रिकेतला, सभेतला, सभ्य शब्द. आणि ‘अति’ कुठे ऐकतो? ‘अति तिथे माती.’ ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा.’ ‘आता अति झालं हं!’ मराठीत अति म्हणजे ‘फार’ नव्हे. अति म्हणजे मर्यादा ओलांडली. इंग्रजीत सांगायचं तर तो व्हेरी नाही, ‘टू’ आहे. म्हणजे कानाला ‘अति’ जास्त जड आणि ‘अत्यंत’ हलका. तक्त्यात मात्र बरोबर उलट. शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही शब्द ओळखीचेच आहेत.

गोंधळ इथेच थांबत नाही. हा ‘अति’ दुसऱ्या एका सरकारी खात्यातही बसला आहे. महसुली कारभारात, पीकनुकसानीचा विचार करताना, मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की त्याला ‘अतिवृष्टी’ म्हणतात. पंचनामे, भरपाई, सगळं त्या शब्दाला बांधलेलं. आता तोच ६५ मिलिमीटर हवामान खात्याच्या तक्त्यात कुठे बसतो? ‘हेवी’त. म्हणजे नुसत्या मुसळधारमध्ये, आणि तोही सगळ्यात खालच्या टोकाला. हवामान खात्याचा ‘अति’ सुरू व्हायला त्यावर आणखी पन्नास मिलिमीटर पडावे लागतात. नवापूरच्या बागायतदाराला तलाठ्याकडे अतिवृष्टी सापडते आणि त्याच दिवशीच्या हवामानाच्या बातमीत ‘अति’ नसतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. अडकतो तो मधला माणूस.

दुसरी अडचण यापेक्षा खोल आहे, आणि ती भाषांतराची नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. तक्त्यात ते ‘तीव्र’, म्हणजे मधल्या पायऱ्यांवरचं. त्याने रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. तक्त्यात ते दोन पायऱ्या वरचं, ‘अत्यंत तीव्र’. ते मुंबई-पालघरच्या पश्चिमेकडून समुद्रातूनच पुढे गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. पण खोल समुद्रात त्याने जो घात केला तो आपण विसरू शकत नाही. मुंबईपासून दूर तेलक्षेत्राजवळ पी-३०५ ही बार्ज बुडाली आणि तिच्यावरचे सत्तरहून अधिक लोक दगावले.

या दोन वादळांतून काय दिसतं? ‘तीव्र’ हे विशेषण वादळाचं आहे. तुमच्या गावाचं नाही. ते वादळाच्या केंद्राजवळच्या वाऱ्याबद्दल बोलतं. तुमच्या कौलांवर, तुमच्या होडीवर काय येणार ते सांगत नाही. निसर्गच्या वेळी इशारा पालघरलाही होता, होड्याही परत बोलावल्या होत्या, आणि वादळ दक्षिणेला वळलेलं राहिलं. अशा वेळी माणूस मनात म्हणतो, ‘तीव्र म्हणाले होते, काही झालं नाही.’ तो शब्द त्याच्यापुरता थोडा झिजला. पुढच्या वेळी ‘अति तीव्र’ म्हणावं लागतं. भयंकर, तुफान, टेरिबली यांचं जे झालं तेच. फरक एवढाच की तिथे झिजलेल्या शब्दाने फार तर नाटक पडतं.

तारतम्य

मग उपाय काय? काही जण म्हणतील, आपल्याकडे संस्कृतची तयार शिडी आहे, तर आणि तम. लघु, लघुतर, लघुतम. उच्च, उच्चतर, उच्चतम. तेव्हा तीव्र, तीव्रतर, तीव्रतम करा. क्रम तरी पक्का होईल. हे खरं आहे. ‘तारतम्य’ हा शब्दसुद्धा याच तर-तम भावावरून आलेला आहे. कमी काय, जास्त काय, किती काय, याचं भान म्हणजे तारतम्य. पण त्या शिडीला तीनच पायऱ्या. तक्त्याला पाच लागतात. शिवाय ‘तीव्रतर’ हा शब्द किनाऱ्यावर कोणी बोलत नाही. वहीत नीट बसलेला शब्द कानात बसेलच असं नाही, हे आपण आत्ताच ‘अत्यंत’च्या बाबतीत पाहिलं.

आम्हाला वाटतं, उत्तर इतिहासातच आहे. दोनशे वर्षांपूर्वी बोफर्ट यांनी शब्द सुधारत बसण्याऐवजी शब्दाशेजारी परिणाम लिहिला. या वाऱ्यात शिडाचं काय होईल? बंदरातल्या बावट्याने शब्दाऐवजी क्रमांक दिला. आजचा पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा तेच करतो. म्हणून तर ‘रेड अलर्ट’ हा शब्द बोईसरच्या बाजारात भाजी घेतानाही ऐकू येतो, आणि ‘अत्यंत मुसळधार’ ऐकू येत नाही. लोकांनी कुठल्या ठरावाशिवाय निवड केलेली आहे. ज्या शब्दांचा क्रम कळत नाही ते त्यांनी बाजूला ठेवले. रंग आणि नंबर घेतले.

समुद्राच्या इशाऱ्याचं पाहा. ‘रफ’ म्हणजे लाटा अडीच ते चार मीटर, ‘व्हेरी रफ’ म्हणजे चार ते सहा मीटर. मराठीत नुसतं ‘समुद्र अति खवळलेला’ लिहिण्यापेक्षा ‘लाटा चार ते सहा मीटर’ हे जोडलं की काम होतं. माणूस आपल्या होडीची उंची जाणतो. बाकीचा हिशोब तो करतो. वाऱ्याच्या बाबतीत मराठी इशाऱ्यांनी हे आधीच साधलं आहे. ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा’ हे वाक्य आपण नेहमी वाचतो. त्यात सोसाटा हा बोलीतला शब्द आहे, जो वारा कानात आणतो, आणि शेजारी आकडा आहे. चिकटणारा शब्द आणि मोजणारा आकडा, दोघेही आपापलं काम करतात. ‘अति’ची गरजच पडत नाही. मुसळधार, संततधार, सोसाटा, उधाण हे शब्द मोडीत काढायचे नाहीत. त्यांना शिडीवर चढवायचं नाही, एवढंच.

आणि शेवटी एक गोष्ट. या सगळ्या इशाऱ्यांमध्ये सगळ्यात जोरदार वाक्य कुठलं? ते प्रत्येक इशाऱ्याच्या शेवटी येतं : ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ त्यात एकही जोरदर्शक क्रियाविशेषण नाही. त्याला तक्ता लागत नाही. इंग्रजीत हेच सांगताना ‘स्ट्राँगली अॅडव्हाइज्ड’ असा जोर लावण्याची पद्धत आहे. मराठीत तो शब्द आणला तर वाक्य उलट ढिलं होतं. घरातली बाई निघालेल्या माणसाला तेच सांगते तेव्हा ती ‘अति’ही म्हणत नाही आणि ‘अत्यंत’ही म्हणत नाही. ती एक अक्षर वाढवते : ‘जाऊच नको.’ मराठीचा सगळा जोर त्या ‘च’मध्ये मावतो. दादोबांपासून आजपर्यंतच्या व्याकरणांनी या ‘च’ला कुठल्या खात्यात टाकायचं यावर बराच खल केला आहे. ऐकणाऱ्याला मात्र त्याचा अर्थ कधी विचारावा लागलेला नाही.

इशारा लिहिणाऱ्याने एवढं तारतम्य ठेवलं, की शब्द ऐकणाऱ्याच्या कानातून निवडायचा आणि मोजमाप आकड्यावर सोपवायचं, तर ‘अति’ मोठं की ‘अत्यंत’ हा प्रश्न होडी काढण्याच्या वेळी कुणालाच पडणार नाही.

आजच्यापुरतं इथे थांबू.